फिलिपिन्सच्या शाळांचा इतिहास एका पट्टीवर कसा मांडावा

डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, मुली रविवारी ऐरोलीला माझ्याकडे अभ्यासाला येतात. फिलिपिन्सचं शिक्षण आलं की सनावळ्या घोकायला लागतात. घोकू नका, पट्टी करा.

जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जोडून 161 सेंटीमीटरची पट्टी घ्या. वर्षाला एक सेंटीमीटर. डावं टोक 1863, उजवं 2024. तिच्यावर शाळेच्या माध्यमाच्या दोन रेघा ओढा: वरची कायद्याची, खालची वर्गाची. स्पॅनिश लाल, इंग्रजी निळी, घरची भाषा हिरवी. खालची, वर्गाची रेघ कधीही टाळू नका.

1863च्या स्पॅनिश फर्मानाने गावोगावी मुलामुलींसाठी मोफत प्राथमिक शाळा ठरवली, तीही स्पॅनिशमधून. वर लाल. पण शाळेवर हुकूम चालायचा पाद्र्यांचा, आणि अनेक गावांत शिकवणं स्थानिक भाषेतच राहिलं. खाली हिरवी. जीआर आणि वर्ग यांतलं अंतर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे समजवावं लागत नाही.

1901ला दोन्ही निळ्या. अमेरिकन राजवटीच्या कायदा क्रमांक 74ने इंग्रजी माध्यम आणलं आणि ऑगस्टमध्ये 'थॉमस' जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला पोचले. 1925च्या मन्रो पाहणीत, म्हणजे तिथल्या शाळांच्या तपासणीत, मुलं इंग्रजी वाचनात फार मागे दिसली. ते तिथेच पेन्सिलने लिहा.

वर हिरवी पहिल्यांदा येते 1957ला, तीही फक्त पहिली-दुसरीपुरती. 1974ला द्विभाषिक धोरण आलं: इंग्रजी आणि टागालॉग या मनिला भागातल्या भाषेवर उभी असलेली राष्ट्रभाषा पिलिपिनो. तिच्यासाठी पिवळा घ्या. इथे थांबा. ज्याच्या घरी सेबू बेटावरची सेबुआनो भाषा बोलतात, त्या मुलाला दोन्ही परक्याच. माझ्या पहिलीच्या वर्गात आगरी बोलणाऱ्या घरातली एक मुलगी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नव्हती. मग मी तिच्या आजीला वर्गात बोलावून गोष्ट सांगायला लावली. मध्येच आजी एक प्रसंग विसरली आणि तो या मुलीने जागेवरून ओरडून सांगितला. सेबूमधल्या मुलाचा विचार करताना मला तीच आठवते.

2013च्या कायद्याने शालेय वर्षं दहाची बारा झाली. तिथे फक्त खूण करा. 2012पासून वर पुन्हा हिरवी: तिसरीपर्यंत मातृभाषा माध्यम होती, 2024च्या कायद्याने ती सक्ती उठली.

आता पट्टी भिंतीला लावा आणि वरच्या रेघेवरचा हिरवा मोजायला सांगा. 1957 ते 1974चे 17 आणि 2012 ते 2024चे 12, एकूण 29 सेंटीमीटर. गेल्या रविवारी एकीने फूटपट्टी लावून दोनदा मोजलं.