पेठेतल्या वाड्यात लग्न करायचंय? आधी चौक मोजा

पुण्यात वाड्यात लग्न म्हटलं की लोकांना शनिवारवाडा आणि विश्रामबागवाडा आठवतात. तिथे लग्नं होत नाहीत. पेठांमध्ये खाजगी मालकीचे, नीट राखलेले मोजके वाडे समारंभाला मिळतात, आणि मी गेली काही वर्षं अशाच वाड्यांतल्या लग्नांची व्यवस्था बघते. आमच्याकडे येणारी मंडळी आधी फोटो दाखवतात. मी त्यांना आधी मोजपट्टी घेऊन चौकात, म्हणजे वाड्याच्या मधल्या उघड्या अंगणात नेते.

तीस फूट लांब, तीस फूट रुंद चौक म्हणजे नऊशे चौरस फूट. बोहलं, होमाची जागा आणि येण्याजाण्याची वाट सोडली की शंभर खुर्च्या जेमतेम बसतात. म्हणून पाहुण्यांची यादी चौकाला विचारून करा. पाचशे माणसांना बोलवायचंच असेल तर स्वागतसमारंभ दुसऱ्या दिवशी कार्यालयात ठेवा आणि वाड्यात फक्त विधी करा. जास्तीची माणसं माडीवर उभी करू, हा विचार तर मनातही आणू नका. जुनी तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, तिच्यावर मातीचा थर, खाली दीड-दोनशे वर्षांची तुळई. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळे एकाच कठड्याशी वाकतात. माडीवर किती माणसं चालतील हे मालकांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतलं आहे का, ते स्पष्ट विचारा. उत्तर गोलमोल आलं तर त्या दिवशी जिन्याचं दार बंद ठेवा.

दुसरी गोष्ट आग. 1828 च्या आगीत शनिवारवाड्यातले महाल गेले आणि 1879 मध्ये विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ बसली. आपल्या वाड्याचे सागवानी खांबही तसेच वाळलेले आहेत. होम चौकात, उघड्या आभाळाखाली, विटा-वाळूवर ठेवलेल्या कुंडातच करा. गुरुजींना हे आधी सांगा, ते आनंदाने ऐकतात. वधूवरांच्या प्रवेशाला फुलबाज्या नकोत, ओसरीवर पेटत्या समया नकोत. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडी हाताशी ठेवा, आणि ती वापरता येणारा माणूस नेमा. वाड्याच्या जुन्या वायरिंगवर हॅलोजनचा भार टाकू नका. जनरेटर बाहेर, दिवे एलईडी. स्वयंपाकही बाहेरूनच आणवा. परसात फक्त पोळ्या आणि जिलेबी गरम करण्यापुरती शेगडी, तीही भिंतीपासून लांब.

सजावटवाल्याला पहिलं वाक्य सांगायचं ते हे की एकही खिळा ठोकायचा नाही. खांबाला आधी जुनं सुती कापड गुंडाळून त्यावर सुतळी बांधावी. ओल्या झेंडूचा डाग फरशीवर राहतो, म्हणून माळा निथळल्यावरच आत येऊ द्या. खरं तर कोरीव महिरपींना फारशी सजावट लागतच नाही. दाराला आंब्याचं तोरण, तुळशीवृंदावनापाशी रांगोळी, देवडीवर, म्हणजे मुख्य दरवाजापाशी सनई-चौघडा, एवढ्यात वाडा भरून जातो. चौकात आवाज छान घुमतो, मंगलाष्टकांना माइकही लागत नाही.

विधींना वाड्यात जागा आपोआप सापडतात, मला हेच फार आवडतं. सीमांतपूजन देवडीत, रुखवत चौकालगतच्या सोप्यावर, नवरीची तयारी माजघरात. माजघरात उजेड कमी असतो, नऊवारी नेसवणारीला चांगला दिवा आणि मोठा आरसा द्या. पंगत ओसरीवर, चाळीस-चाळीस पानांची. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा. बुफेची टेबलं इथे अडचणच करतात. मुहूर्त उन्हाळ्यात असेल तर गोरज निवडा. दुपारी बाराला चौकातली फरशी भाजते, आणि कापडी मांडव घातला तर वारा कोंडतो.

आजी-आजोबांसाठी उंच उंबऱ्याशी दोन मुलं उभी करा. स्वच्छतागृहं पुरेशी आहेत का हे स्वतः आत जाऊन बघा, बहुतेक वाड्यांत ती परसात आणि मोजकीच असतात. पेठेत गाड्या लावायला जागा नसते. पत्रिकेवरच जवळच्या वाहनतळाचं नाव छापा आणि तिथून रिक्षा ठरवा.

वाड्यात बिऱ्हाडं राहत असतील तर प्रत्येक दारी अक्षत घेऊन स्वतः जा. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आपण मांडव घालणार असतो. त्यांची पानं पंगतीत धराच. मालकांकडून सामान उतरवण्याची वेळ, अनामत रक्कम आणि नुकसानभरपाई लेखी घ्या.

आणि विवाहनोंदणीचा अर्ज त्याच दिवशी सोबत ठेवा. महाराष्ट्रात लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. अर्जावर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. गुरुजी पुढच्या मुहूर्ताला निघण्याआधी, जेवणाच्या पानावरून उठले की लगेच त्यांची सही घ्या.