नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी टेबलावरच हवा काढा

मास्टर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) बदलला, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, तरी पेडल स्पंजासारखं दबतं. बहुतेक वेळा हवा मास्टरच्या आतच अडकलेली असते, आणि ती चाकांपर्यंत ढकलत न्यायची म्हणजे अर्धा लिटर ब्रेक ऑइल वाया. खेड्यात डबा संपला की तालुका गाठावा लागतो, म्हणून हे आधी करा:

१. भंगारातून त्याच मापाच्या नटासकट ब्रेक पाइपाचे दोन वीतभर तुकडे घ्या. आतून ब्रेक ऑइलनेच धुवा, पेट्रोल-डिझेलने नाही.

२. मास्टर व्हाइसमध्ये कानाला (बोल्टची भोकं असलेल्या पट्टीला) धरून आडवा, सपाट बांधा. अंगाला आवळू नका.

३. तुकडे दोन्ही आउटलेटला (ऑइल बाहेर पडायच्या तोंडांना) लावून वाकवा आणि टोकं मास्टरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत सोडा. टोकं कायम ऑइलात बुडालेली हवीत, नाहीतर पिस्टन मागे येताना पुन्हा हवाच ओढतो.

४. बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबा, सावकाश सोडा. सुरुवातीला टाकीत चांगले बुडबुडे उठतात, मग मोहरीएवढे. तेही थांबले की झालं. इथे घाई करणारा मेकॅनिक मला तरी पटत नाही.

मग गाडीवर चढवा, चाकांच्या ब्रेकमधली हवा नेहमीसारखी काढा.

टाकीच्या झाकणावर ब्रेक ऑइलचा दर्जा डॉट ३ की डॉट ४ ते बघूनच सीलबंद डबा घ्या. इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबरी सील फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.