हिरवंगार झाड मान टाकतं तेव्हा पेलाभर पाणी घ्या

गेल्या ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली आणि कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवरच्या नऊ टोमॅटोंपैकी एकाने दुपारी मान टाकली. पानं हिरवीगार. संध्याकाळी पुन्हा ताठ. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून दोन तांबे जास्त घातले. चौथ्या दिवशी ते उठलंच नाही आणि शेजारच्या दोन पिशव्यांतल्या झाडांनीही तीच वाट धरली.

दादाची नारायणगावला टोमॅटोची शेती. फोनवर त्याने एकच विचारलं, "पानं पिवळी पडली का गं?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग पाणी बंद कर. बुडातून खोड काप आणि पेल्यात धर."

ते असं करायचं. मातीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापा आणि पुसून घ्या. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरा, तुकडा कपडे वाळत घालायच्या चिमट्यात पकडून पेल्याच्या काठावर असा टेकवा की फक्त खालचा काप पाण्यात बुडेल. मागे काळं कापड धरा. पेला हलवायचा नाही, हे महत्त्वाचं. पाचेक मिनिटांत कापातून दुधाळ धागे सरळ खाली उतरू लागले, तर तो जिवाणूंमुळे होणारा मर रोग. दुसऱ्या पेल्यात निरोगी झाडाची फांदी ठेवा, म्हणजे डोळ्यांना फरक कळतो. धागे नाहीत, पानं एका बाजूने पिवळी आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा, असं असेल तर बुरशीची मर समजा.

माझ्या पेल्यात धागे उतरले. बघत बसावं असं दृश्य होतं, झाड मेलं नसतं तर.

तो धागा म्हणजे राल्स्टोनिया सोलॅनासिएरम नावाचे जिवाणू आणि त्यांचा चिकट द्रव. माती उकरताना किंवा सूत्रकृमींमुळे (मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींमुळे) मुळांना जखमा होतात, नवी उपमुळं फुटतानाही बारीक भेगा पडतात. तिथून हे आत शिरतात आणि जलवाहिन्यांत पोचतात. पानं उन्हात पाणी ओढत असतात, त्या प्रवाहात टिकायचं तर भिंतीला धरून राहावं लागतं. म्हणून ते चिकटतात आणि वाढत जातात. गर्दी झाली की रासायनिक निरोपांनी त्यांना एकमेकांचा अंदाज येतो, मग चिकट द्रव जोरात सुटतो. चार दिवस न घासलेल्या माठाला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तोच प्रकार, फक्त केसाएवढ्या नळीत. याला बायोफिल्म म्हणतात. भरीला झाडही घाबरून स्वतःच्या काही नळ्या बंद करतं. रात्री पानांची मागणी कमी असते, म्हणून सुरुवातीला झाड सावरतं. पुढे नळ्याच तुंबतात, आणि पानाला पिवळं पडायलाही सवड मिळत नाही.

औषध नाही. फवारा पानांवर बसतो, जिवाणू खोडाच्या आत. मी एक बाटली वाया घालवली, तुम्ही घालवू नका. झाड मुळांसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा (माझी एकच कात्री नऊ झाडांवर फिरली होती). एका पिशवीचं पाणी दुसरीकडे वाहू देऊ नका. त्या मातीत वांगी, मिरची, बटाटा लावायचा नाही, सगळी एकाच कुळातली. मका किंवा कांदा चालेल. माती एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिनाभर तापवली तर जिवाणू बरेच कमी होतात, पूर्ण जात नाहीत. जिथे हा रोग दरवर्षी येतो तिथे वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं घ्यावीत.

आणि पेल्यातलं पाणी उकळून मोरीत ओता. आमच्या सासूबाईंना भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालायची सवय आहे. मी वळेपर्यंत त्यांनी पेला उचललाच होता.