पहिला बेस घेताय? पिकअप किती ते सोडा, कुठे बसवलाय ते बघा

बेस गिटार घ्यायला निघालेल्या माणसाचा फोन आला की प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "पी घेऊ का जे?" आणि दुसरा, "दोन पिकअपवाला घेतला तर जास्त चांगलं ना?" दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, तसं काही नसतं.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, बस. त्याच्या डोक्यावर स्ट्रिंग जेवढी आणि जशी हलते तेवढंच त्याला ऐकू येतं. ब्रिजजवळ (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे) स्ट्रिंग जेमतेम थरथरते म्हणून तिथला आवाज टणक, थोडा नाकातला आणि बारीक, आणि नेककडे (डाव्या हाताची बोटं दाबतो त्या दांड्याकडे) सरकत जाल तसा तो जाड होत जातो. म्हणजे तोच पिकअप दोन इंच इकडेतिकडे केला की वेगळा बेस. आणि गंमत अशी की पिकअप न आवडला तर नंतर बदलता येतो, चार स्क्रू आणि थोडं सोल्डरिंग, पण लाकडात त्याच्यासाठी कोरलेली खाच सरकवता येत नाही (राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, मारून नवीन खाच पाडता येते हो, पण नव्याकोऱ्या बेसवर तो मारायला हात होतो का कुणाचा). म्हणून घेताना खाचेचा विचार करायचा.

पी म्हणजे फेंडरचा प्रिसिजन, 1951 चा. आज आपण बघतो तो दोन तुकड्यांचा पिकअप 1957 ला आला, एक तुकडा दोन जाड तारांखाली (ई आणि ए) आणि दुसरा जरा खाली सरकवून बारीक दोन तारांखाली (डी आणि जी). दोन्हीची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट, त्यामुळे बाहेरून येणारी घूं आपोआप कटते. एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. मोटाउन या अमेरिकन सोल कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये जेम्स जेमरसन हाच वाजवायचा, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत तारा लावून, आणि तिकडे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस पण पीवालाच, म्हणजे "पी फक्त जुन्या गाण्यांसाठी" वगैरे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. दुकानात एकटा वाजवला की पी जरा कंटाळवाणा वाटतो हे खरं. पण तो वरणासारखा आहे, नुसता वाटीत घेऊन प्यायलात तर काय विशेष, ताटात नसला की मात्र लगेच कळतं. ड्रम, दोन गिटार, कीबोर्ड सगळे एकदम सुरू झाले की जो बेस ऐकू येत राहतो तो बहुतेक वेळा हा असतो.

जे म्हणजे जॅझ बेस, 1960 चा, दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे पिकअप), एक नेककडे आणि एक ब्रिजकडे, दोघांचे व्हॉल्यूम वेगळे. दोन्ही पूर्ण उघडले की दोन जागांचे आवाज एकत्र येताना मधल्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात, म्हणून तो पोकळ, चकचकीत आवाज येतो आणि स्लॅपला (अंगठा आपटून वाजवायला) लोकांना तोच पाहिजे असतो, बेसवादक मार्कस मिलरचा 1977 चा जे ऐका म्हणजे कळेल. नुसता ब्रिज उघडला की बेसवादक जाको पास्टोरियसच्या गावात जातो आपण, त्याचा 1962 चा फ्रेटलेस, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) काढलेला. आणि दोन्ही उघडे ठेवून नेकचा नॉब थोडासा मागे घ्या, गेलेल्या त्या मधल्या फ्रिक्वेन्सी परत येतात, माझं अर्धं वाजवणं तिथेच चालतं.

पण जे घेताना हमचं, म्हणजे त्या घूंचं, कोणी सांगत नाही. दोन्ही पिकअप सारख्या व्हॉल्यूमला असतील तर ते एकमेकांची घूं मारतात, एकच उघडा ठेवलात की ती आलीच. माझा पहिला बेस जे होता. एका गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर बसलो होतो, स्टेजच्या बाजूलाच लाइटवाल्याचा डिमर, आणि मी मोठ्या ऐटीत नुसता ब्रिज उघडून बसलेलो. आता आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी असतो 49 हर्ट्झचा, म्हणजे ही घूं बरोब्बर जीच्या शेजारी येऊन बसते आणि तिचा वरचा 100 चा भाग वरच्या जीशेजारी. गाणं होतं ई मेजरमध्ये, त्यात लागतो जी शार्प, आणि गाणं जरा थांबलं की मागून माझा हा फुकटचा जी. गायिकेने दोनदा वळून बघितलं. कीबोर्डवाल्याने खुणेने सांगितलं, दोन्ही नॉब फिरव पूर्ण. फिरवले, गेला. डिमरची बारीक किरकिर राहिली थोडी पण सूर तरी सुटला.

म्हणून दुकानात हे करून बघाच. बेस अँपला लावा, काही न वाजवता एकेक पिकअप उघडा आणि अंगाशी बेस धरून हळूहळू गोल फिरा. फिरताना घूं कमीजास्त झाली तर तो सिंगल कॉइलचा स्वभाव आहे, बेस खराब नाही. पण तारांना हात लावल्यावर आवाज एकदम गप्प होत असेल आणि हात काढला की परत येत असेल तर भानगड अर्थिंगची किंवा शिल्डिंगची आहे, कधी बेसमध्ये आणि कधी दुकानाच्या बोर्डातच. दुसऱ्या पॉइंटवर लावून बघा.

आता पीजे, म्हणजे एक पी पिकअप आणि ब्रिजकडे एक जे. परवडणाऱ्या भावात तुम्हाला हाच जास्त दिसणार, यामाहाचा टीआरबीएक्स 174, आयबानेझचा जीएसआर 200, स्क्वायरचा अफिनिटी पीजे, सगळे याच जातीचे. ऐकायला वाटतं दोघांचं चांगलं एकात मिळालं. मिळतं, पण पूर्ण नाही. पी स्वतःच शांत असतो, त्याच्या जोडीला एकटा जे आला की त्या जेची घूं मारायला कोणी नसतं, म्हणजे दोन्ही उघडले तरी हम राहतो (जेच्या आकारात आतून दोन कॉइल असलेला हमकॅन्सलिंग पिकअप असेल तर गोष्ट वेगळी). शिवाय पी मोठ्याने बोलतो आणि जे हळू, आणि दोन्ही एकदम उघडले की पीचा तो छातीत बसणारा दणका थोडा पातळ होतो. मी तर पीजेवाल्यांना सांगतो की याला पी समजूनच घ्या, जे म्हणजे चटणी, कधीमधी. तसं घेतलंत तर पहिला बेस म्हणून यापेक्षा बरं काही सुचत नाही मला.

एकच मोठा हमबकर (दोन गुंडाळ्यांचा, घूं मारणारा पिकअप) असतो तो म्युझिक मॅन स्टिंगरेवाला, 1976 पासूनचा, बेसवादक लुई जॉन्सनने ज्याच्यावर अंगठा आपटून नाव काढलं. स्वस्तात पाहिजे तर स्टर्लिंगचा रे4. आवाज धारदार आणि समोर येणारा, पण त्यात प्रीअँप (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) असतो आणि 9 व्होल्टची बॅटरी, आणि केबल जॅकमध्ये खोचलेली राहिली की बॅटरी उतरत राहते, सारखी तशीच विसरत गेलात की ऐन वेळी कळतं. एक लक्षात घ्या, अ‍ॅक्टिव्ह हा शब्द बहुतेक वेळा या प्रीअँपबद्दल असतो, पिकअपच्या मांडणीशी त्याचा संबंध नाही.

सोपबार ऐकाल, तो फक्त आकार. साबणाच्या वडीसारखं झाकण, आत सिंगल आहे का हमबकर ते विचारल्याशिवाय कळत नाही. यामाहाच्या टीआरबीएक्स 304 मध्ये दोन्ही हमबकर आहेत. विचारायला लाजू नका, दुकानदारालाही माहीत नसलं तर तिथेच फोनवर मॉडेल नंबर टाका.

हाताचं पण बघा. अंगठा कुठे टेकणार? पीवर मधोमध, जेवर दोन जागा, स्टिंगरेवर जरा मागे जिथे तारा कडक लागतात. स्लॅप करणार असाल तर नेक संपतो तिथून पिकअपपर्यंत बोट खाली घालायला जागा आहे का ते घालूनच बघा, दोन जाड सोपबार असले की माझी तर नखं आपटतात.

आणि अँपचे सगळे नॉब मध्यावर ठेवून ऐका, दुकानात बेस बूस्ट करून ठेवलेला असतो बऱ्याचदा. मग फोनवर तुमच्या बँडचं गाणं लावा, त्याच्याबरोबर वाजवा आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. उघड्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा, फोनच्या स्पीकरवर तो येतच नाही, येतात ते वरचे हार्मोनिक, त्यामुळे तिथे तुमची लाइन समजत असेल तर तो बेस गर्दीतही समजेल.

सेकंडहँड घेत असाल तर खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा. आवाज कमी करून त्याच्या टोकाने प्रत्येक पिकअपच्या प्रत्येक चुंबकावर हलकं टकटक करायचं, अँपमधून टक टक यायला पाहिजे. पीच्या दोन तुकड्यांपैकी एक मुका निघाला, म्हणजे ई-ए ऐकू येतायत आणि डी-जी नाही, तर आत वायर कुठेतरी शॉर्ट होत असेल किंवा ती गुंडाळीच गेली असेल, उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून विकणाऱ्यासमोर तोंड अगदी लांब करायचं आणि भाव पाडायचा.