आयोवाचा निकाल तालुक्याच्या नजरेने कसा वाचावा

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा लाल-निळा नकाशा पाहून मत बनवणे सोपे आहे. मात्र एखाद्या ग्रामीण राज्याने नेमके कसे मतदान केले हे समजून घ्यायचे असेल, तर नकाशा बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. या कामाला लागणारी नजर सातारा-सांगलीच्या वाचकाकडे आधीपासूनच असते, कारण मतमोजणीच्या दिवशी कराडने किती लीड दिले, पाटणमध्ये ते किती तुटले, जतची पेटी उघडल्यावर काय झाले, असाच हिशेब आपल्याकडे चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत चालतो. तोच हिशेब परक्या मुलखाला लावायचा आहे.

सरावासाठी आयोवा हे राज्य आणि 2016 ची निवडणूक घ्यावी. 2010 च्या जनगणनेत आयोवाची लोकसंख्या 30,46,355 होती, तर 2011 च्या जनगणनेत एकट्या सातारा जिल्ह्याची 30,03,741. म्हणजे माणसे आपल्या एका जिल्ह्याएवढी आणि जमीन जिल्ह्याच्या सुमारे चौदापट. पीक मका आणि सोयाबीन, जोडीला वराहपालन. आपल्याकडे उसापासून इथेनॉल होते, तसे तिकडे मक्यापासून होते, आणि त्याविषयीचे सरकारी धोरण हा तिकडेही निवडणुकीचा विषय असतो.

पहिले काम म्हणजे मोजणीचे एकक ठरवणे. आयोवात 99 काउंटी आहेत आणि निकाल काउंटीनिहाय जाहीर होतो. काउंटीचा ऑडिटर हा तेथील निवडणूक अधिकारी असतो. काउंटीला मनात तालुका समजावे. सांगली जिल्ह्यात दहा आणि साताऱ्यात अकरा तालुके आहेत हे लक्षात घेतले, तर तिकडची विभागणी किती बारीक आहे याचा अंदाज येतो.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. एकाच निवडणुकीचा आकडा कधीही एकटा वाचू नये. मागच्या निवडणुकीचा आकडा त्याच्या शेजारी लिहावा. 2012 मध्ये आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा यांना 8,22,544 आणि रिपब्लिकन पक्षाचे मिट रोमनी यांना 7,30,617 मते मिळाली. 2016 मध्ये रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना 8,00,983 आणि डेमोक्रॅटिक हिलरी क्लिंटन यांना 6,53,669 मते मिळाली. आता आडवी नव्हे, तर उभी वजाबाकी करावी, म्हणजे प्रत्येक पक्षाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी करावी. रिपब्लिकन पक्षाची मते सुमारे 70 हजारांनी वाढली, तर डेमोक्रॅटिक पक्षाची सुमारे 1 लाख 69 हजारांनी घटली. एकूण मतदान मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखेच होते. मग उरलेली मते कोठे गेली, हे शोधण्यासाठी ‘इतर’ हा रकाना पाहावा, जो घाईत वाचणारे बहुधा वगळतात: 2012 मध्ये तेथे 30 हजारांच्या आसपास मते होती, 2016 मध्ये ती एक लाखावर गेली. म्हणून ‘ग्रामीण आयोवा ट्रम्प यांच्याकडे वळला’ हे वाक्य चुकीचे नसले तरी अपुरे आहे. राज्यातील मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाची साथ अधिक मोठ्या प्रमाणावर सोडली, असे म्हणणे आकड्यांना जास्त धरून आहे.

यानंतर नकाशा हाती घ्यायला हरकत नाही. 2012 मध्ये ओबामांनी 38 काउंटी जिंकल्या होत्या, 2016 मध्ये क्लिंटन यांना केवळ 6 मिळाल्या: पोल्क, लिन, जॉन्सन, स्कॉट, ब्लॅक हॉक आणि स्टोरी. नकाशावर हे सहा ठिपके क्षुल्लक दिसतात. प्रत्यक्षात क्लिंटन यांची राज्यातील जवळपास निम्मी मते या सहाच काउंटींतून आली, कारण राजधानी दे मॉइन, सीडर रॅपिड्स आणि विद्यापीठांची गावे यांतच आहेत. सांगलीच्या वाचकाला हे सांगावे लागू नये: क्षेत्रफळाने जत सर्वांत मोठा, पण लोकसंख्येने मिरज पुढे. रंग जमिनीला दिलेला असतो. मत माणसाचे असते.

आता एका काउंटीवर थांबावे. उत्तरेकडील हॉवर्ड काउंटीने 2012 मध्ये ओबामांना 20 टक्केबिंदूंहून अधिक आघाडी दिली आणि 2016 मध्ये ट्रम्प यांनाही 20 हून अधिक आघाडी दिली. असा उलटफेर देशातील दुसऱ्या कोणत्याही काउंटीत झाला नाही. (याच काउंटीत, क्रेस्को गावाजवळ, 1914 मध्ये नॉर्मन बोरलॉग यांचा जन्म झाला, हरितक्रांतीचा गहू आपल्या शेतात पोहोचला त्यामागे हा माणूस होता.) 2008 आणि 2012 असे दोनदा ओबामांना कौल देऊन 2016 मध्ये फिरलेल्या काउंटी आयोवात 31 होत्या. मिसिसिपी नदीकाठच्या दुब्यूक काउंटीने तर 1956 नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला आघाडी दिली. ‘परंपरागत मतपेढी’ हा शब्द वापरण्यापूर्वी ही दोन उदाहरणे आठवावीत.

काही ठिकाणी पाय घसरण्याची शक्यता असते. आयोवाचा कॉकस म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीची फेरी, ती मुख्य निवडणूक नव्हे. फेब्रुवारी 2016 च्या रिपब्लिकन कॉकसमध्ये टेड क्रूझ पहिले आले होते, ट्रम्प नव्हेत. तसेच राज्यातील सहाही निर्वाचक मते (अध्यक्ष प्रत्यक्षात ज्यांच्या बेरजेवर ठरतो, ती राज्याच्या वाट्याची मते) विजेत्याला एकगठ्ठा जातात, त्यामुळे मताधिक्य किती यापेक्षा ते आहे की नाही एवढ्यानेच अध्यक्षपदाचे गणित हलते.

‘ग्रामीण’ या शब्दाचे मोजमापही तपासून घ्यावे. 2010 च्या अमेरिकन जनगणनेत 2,500 वस्तीचे गाव शहरी धरले जात असे आणि त्या हिशेबाने आयोवाची 64 टक्के लोकसंख्या शहरी होती. हा निकष लावला, तर वाळव्यातील कितीतरी बाजारगावे शहरे ठरतील. शिवाय ग्रामीण म्हणजे शेतकरी नव्हे. लहान गावांतील बरेच मतदार कारखान्यात, मांस प्रक्रिया केंद्रात, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करतात. काउंटीची बेरीज पाहून अमुक शेतकऱ्याने अमुक मत दिले असा निष्कर्ष काढणे, हे गावाचा निकाल पाहून एका घराचे मत सांगण्याइतकेच धाडसाचे आहे.

हात बसला की हीच रीत घरच्या आकड्यांवर वापरावी. त्यासाठी मतदान केंद्रनिहाय मते देणारा नमुना 20 उपयोगी पडतो. सातारा लोकसभेची 2019 ची सार्वत्रिक निवडणूक आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला झालेली पोटनिवडणूक शेजारी ठेवावी: उदयनराजे भोसले पहिली निवडणूक राष्ट्रवादी काँग्रेसकडून जिंकले आणि दुसरी भाजपकडून श्रीनिवास पाटील यांच्याविरुद्ध हरले. उमेदवार तोच, पक्ष वेगळा, मध्ये सहा महिनेही पुरते नाहीत. माण आणि फलटण जिल्ह्यात असले तरी या लोकसभा मतदारसंघात येत नाहीत, हे ध्यानात ठेवून वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा अशा सहाच ओळी आखाव्यात आणि उभी वजाबाकी वाईपासून सुरू करावी.