बालीतला आलिंग-आलिंग धबधबा: घसरायचं कसं, उडी कुठून मारायची आणि पाण्यातून कधी निघायचं

आपल्याकडे धबधबा जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळीनंतर कातळावर नुसता काळा ओघळ उरतो. त्यामुळे धबधबा बघायचा तर पावसात, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बालीला जाताना ते आधी काढून टाकायचं. तिथले डोंगर ज्वालामुखीचे. जमिनीत मुरलेलं पाणी झऱ्यांतून बारा महिने वाहत राहतं, त्यामुळे धबधबा कोरड्या दिवसांतही भरलेला असतो. पावसाळा तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या काळात पाणी गढूळ होतं, पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि मुख्य म्हणजे ओढा कधी फुगेल त्याचा भरवसा नसतो. पोहण्यासाठी एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला. आपल्याकडे धो-धो पाऊस असतो तेव्हा तिकडे उघडीप, त्यामुळे गणपतीच्या आधी-नंतरची सुट्टीही चालते. फक्त गुढीपाडव्याच्या आसपास जाणार असाल तर तारीख तपासा. बालीतलं शक नववर्ष, न्येपी, त्याच सुमाराला येतं. त्या दिवशी विमानतळासकट सगळं चोवीस तास बंद असतं आणि हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही.

आलिंग-आलिंग उत्तर बालीत, सिंगराजा शहराच्या दक्षिणेला सांबांगान गावात आहे. हा एकच धबधबा नाही. एका ओढ्यावर खाली-खाली उतरत जाणारी धबधब्यांची रांग आहे. पहिला आलिंग-आलिंग, सुमारे 35 मीटरचा. तो स्थानिक लोक पवित्र मानतात, त्याच्या धारेखाली पोहायचं नाही. फोटो काढा आणि पुढे चला. मग क्रोया, जिथे कातळाची नैसर्गिक घसरगुंडी आहे. त्याखाली केंबार आणि पुचुक, उड्यांसाठी. वाट आणखी पुढेही जाते, पण अर्ध्या दिवसात एवढं पुरे.

पोचायचं कसं

कुटा किंवा सेमिन्याकहून गाडीने अडीच ते तीन तास लागतात, उबुदहून दोनच्या आसपास. रस्ता बेदुगुलचा घाट चढून, ब्रातान तलावाजवळून पलीकडे उतरतो. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, पण पाण्याजवळचा वेळ भर दुपारच्या गर्दीत जातो. आदल्या रात्री लोव्हिना किंवा मुंडुकला मुक्काम केला तर आठच्या सुमाराला तिकीट खिडकीवर उभं राहता येतं आणि पहिला तासभर डोह जवळपास आपलाच असतो. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत हा बेत ठेवू नका.

गाडी ड्रायव्हरसकट ठरवताना किती तास, पेट्रोल आणि पार्किंग धरून की वेगळं, एवढं आधीच विचारून घ्यावं. स्कूटरने जाणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून न्या आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे का ते बघा. नुसत्या चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा फेटाळते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, ही त्यातल्या त्यात सोय. बेदुगुलच्या घाटात मात्र दुपारनंतर धुकं उतरतं.

भारतीयांना विमानतळावर मिळणारा व्हिसा 5 लाख रुपियाचा (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन), 30 दिवसांचा. त्याशिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियाची वेगळी पट्टी भरावी लागते. ती ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवावा. धबधब्याशी मात्र रोखच लागते. एक लाखाची नोट लालसर, दहा हजारांची जांभळी. शून्यांच्या गोंधळात एकीऐवजी दुसरी दिली जाते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

गाइड हवाच

खिडकीवर दोन प्रकारची तिकिटं असतात. नुसतं बघायचं असेल तर साधं प्रवेश तिकीट, घसरायचं किंवा उडी मारायची असेल तर गाइडसकटचं. गाइडशिवाय घसरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डोहाचा तळ कायम तसाच राहत नाही. एका मोठ्या पावसात वरून ओंडका किंवा धोंडा येऊन बसतो आणि कालची सुरक्षित जागा आज नसते. हे रोज त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. पैसे देण्याआधी तिकिटात कोणकोणते धबधबे आणि लाइफ जॅकेट धरलंय का, ते विचारा. दोन शब्द उपयोगी पडतात: ‘दालाम’ म्हणजे खोल, ‘लिचिन’ म्हणजे निसरडं. आणि तिसरा शब्द, कोणी ओरडला तर कळावा म्हणून: ‘बांजिर’, म्हणजे पूर.

जॅकेट अंगावर चढवल्यावर सगळे पट्टे आवळा, मग कुणाला तरी ते खांद्यांवरून वर ओढायला सांगा. हनुवटी झाकून कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस त्याच्याखाली लटकतो. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असेल तरच ते खरं.

पायात रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट किंवा सँडल हवेत. हवाई चप्पल ओल्या पायऱ्यांवर टाचेकडून निसटते, आणि इथे घोटा दुखावतो तो बहुधा पाण्यात नाही, पायऱ्यांवर. कॉन्टॅक्ट लेन्स लावून डोहात उतरू नका, गोड्या पाण्यातल्या जंतूंमुळे डोळ्याला वाईट संसर्ग होऊ शकतो. चष्म्याला दोरी बांधा. पायाला उघडी जखम असेल तर काठावरच थांबा. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, काय असतो हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पासपोर्ट हॉटेलात राहू द्या. फोनसाठी दहा लिटरची ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) पुरते, तिचं तोंड किमान तीन घड्या गुंडाळून मगच क्लिप लावायची.

क्रोयाची घसरगुंडी

कातळ वाहत्या पाण्याने गुळगुळीत झालेला आहे, उंची दहा-बारा मीटर. गाइड वर धारेत बसवतो. पाय एकावर एक टाकायचे, हात छातीवर घट्ट, पाठ पूर्ण कातळाला टेकलेली. आणि मग तसंच राहायचं, बस्स. चुका होतात त्या मध्येच घाबरून काहीतरी केल्याने. कोपर बाहेर काढलं की ते कातळावर घासतं. अर्धवट उठून बसलं की तोल पुढे जातो आणि माणूस तोंडावर पडतो. पाय फाकले तर घोटा खाचेत अडकू शकतो. डोकं पहिल्यांदा खाली, हे गाइड लोक करून दाखवतात. आपण बघून टाळ्या वाजवायच्या.

खाली पडताना पाणी थेट नाकात घुसतं, म्हणून घसरतानाच नाकाने हळूहळू श्वास सोडत राहायचं. वर आल्यावर धारेकडे वळू नका. धारेच्या पायथ्याशी पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग नेहमीसारखं तरंगत नाही, शिवाय तिथला प्रवाह पृष्ठभागावरून परत धारेकडे ओढतो. बाजूला, काठाच्या दिशेने हात मारायचे आणि पुढच्या माणसासाठी जागा लगेच मोकळी करायची. न पोहणाऱ्यांनी डोहाच्या खालच्या, उथळ कडेला जॅकेट घालून बसावं. घसरायचंच असेल तर एक गाइड खाली पाण्यात उभा राहील असं आधी ठरवून घ्या.

उड्या

उड्या साधारण 5, 10 आणि 15 मीटरच्या. पंधरा म्हणजे पाचच्या तिप्पट, एवढंच आकड्यात दिसतं. पाण्याला टेकताना वेग किती असतो ते बघा: 5 मीटरवरून ताशी सुमारे 36 किलोमीटर, 10 वरून 50, 15 वरून 60 च्या वर. त्या वेगाने मांड्यांवर किंवा पाठीवर पडलं तर निळंजांभळं होणं हा स्वस्तातला शेवट. बरगडी किंवा मणका दुखावू शकतो. पाचवरून दोन उड्या सरळ, पाय जोडून पडल्या तरच दहाचा विचार करावा. पंधरा नाही मारली तरी कुणी विचारत नाही.

धावत येऊन उडी नको, ओला कातळ शेवटच्या पावलाला दगा देतो. गाइड दाखवेल त्या जागी कडेला उभं राहा, नजर समोरच्या झाडांवर ठेवा आणि एक मोठं पाऊल पुढे टाका. खाली बघितलं की छाती पुढे झुकते आणि तोंड आपटतं. पाय घट्ट जुळवलेले, बोटं खाली रोखलेली, गुडघे किंचित सैल. जॅकेट घातलेलं असेल तर दोन्ही हातांनी त्याचा गळ्याजवळचा भाग खाली धरून ठेवा, नाहीतर पाणी त्याला वर ढकलतं आणि ते हनुवटीवर बसतं. बायकांनी बिकिनीऐवजी घट्ट, गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स घालावी, वेगाचं पाणी आत शिरून इजा होऊ शकते. गावातून चालत जातानाही तेच बरं दिसतं. वाटेत जमिनीवर फुलांच्या छोट्या परड्या ठेवलेल्या असतात, तो नैवेद्य असतो. ओलांडू नका, बाजूने जा. विमा काढताना उंचावरून पाण्यात उडी धरलेली आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत नसते.

पाण्यातून कधी निघायचं

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे माहीत असतं, पण परदेशात, ऊन पडलेलं असताना, विसरलं जातं. डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी पाऊस वर डोंगरात पडतो, बहुधा दुपारी, आणि ते पाणी काही मिनिटांत दरीतून खाली येतं. हिरवट निळं पाणी चहाच्या रंगाचं व्हायला लागलं, काटक्या-पाला एकदम वाढला, धबधब्याचा आवाज जड झाला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड बुडाला, तर यातलं एक पुरे. सामान सोडा आणि पायऱ्यांच्या बाजूने वर चढा. दोनच मीटर चढलं तरी फरक पडतो. पलीकडच्या काठावर पळू नका, तिथे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत सुटका नाही. एकच्या आत डोहातून बाहेर पडायचा नियम ठेवला तर ही वेळ बहुतेक येतच नाही. दरीत मोबाइलला रेंज भरवशाची नसते, आणीबाणीचा क्रमांक 112 आहे, मोठं रुग्णालय सिंगराजात.

परत चढताना पाय थकलेले असतात, म्हणून पाणी आणि चिक्की-शेंगदाणे सोबत ठेवा. वर साधी खानावळ मिळते. शाकाहारी असाल तर ‘तानपा दागिंग’, मांस नको, एवढं सांगून भागत नाही. चटणीत आणि रश्शात सुक्या कोलंबीची पेस्ट असते, म्हणून ‘तानपा तेरासी’ हेही जोडा. पोट भरून अजून दिवस उरला, तर परतीच्या घाटात गितगितचा धबधबा लागतोच, तिथे पोहण्याची घाई न करता पाय बुडवून बसा.