कूलरमधलं खारीचं बिऱ्हाड

हिवाळाभर बंद पडलेल्या कूलरमध्ये खार हमखास बिऱ्हाड थाटते. पॅडचं गवत म्हणजे तिला आयती गादी. आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, कूलर उघडताना पहिला प्लग काढा, मग बाजूची जाळी. आत डोळे मिटलेली पिल्लं दिसली तर घरटं हलवू नका. काही आठवड्यांत ती आपणहून जातात. तोवर जळगावच्या उन्हात आम्ही पंख्यावर आणि घरमालकीणबाई कूलरमध्ये!

जागा रिकामी झाली की पंपाची वायर बोटांनी चाचपा. कुरतडलेल्या जागी नुसती टेप नको, ओल्यात शॉक बसतो. अख्खी वायर बदला, पाइपातून न्या. नवे पॅड बसवून बाहेरून अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी तारेने आवळा. प्लास्टिकची जाळी खार सहज कातरते.